वर्गातलं मूल आणि मेंदूतली गाठ : ओळख, उपचार आणि पुढचं आयुष्य



आजचा विषय थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत वाचा. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठी, म्हणजेच ब्रेन ट्यूमर. नाव ऐकूनच काळजात धस्स होतं. "आता काही खरं नाही" असं आपण मनात म्हणून टाकतो. पण मुलांच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं नसतं. यातल्या अनेक गाठी बऱ्या होतात आणि मूल पुन्हा शाळेत येतं. मात्र त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : गाठ वेळेत ओळखणं, उपचार अर्धवट न सोडणं आणि नंतर शाळेनं मुलाला सांभाळून घेणं. यातली मधली गोष्ट डॉक्टरांच्या हातात आहे. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत आपला, म्हणजे शिक्षक-पालकांचा वाटा फार मोठा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तर जास्तच.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख माहितीसाठी आहे. निदान करणं हे डॉक्टरांचं काम. आपलं काम बघणं, नोंद करणं आणि वेळेत पाठवणं.

हा आजार किती आढळतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोरवयीन कॅन्सरनं आजारी पडतात. मुलांमध्ये रक्ताच्या कॅन्सरनंतर मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. तरीही आजार दुर्मीळच. डोकं दुखणाऱ्या शंभरातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचं कारण साधंच असतं : ताप, उपाशीपोटी शाळेत येणं, अपुरी झोप, चष्म्याचा नंबर, मायग्रेन. म्हणून घाबरायचं नाही. पण काही खुणा दिसल्या तर त्या टाळायच्याही नाहीत.

श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच, औषधंही बरीचशी तीच. मग फरक कुठे पडतो? उशिरा निदान, चुकीचं निदान, उपचार न मिळणं आणि मधेच सोडून देणं, ही त्याची मुख्य कारणं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक उद्दिष्ट ठरवलं : २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के कॅन्सरग्रस्त मुलं वाचली पाहिजेत. त्यासाठी जे सहा आजार निवडले, त्यात मेंदूतली हळू वाढणारी गाठही आहे. म्हणजे ही गाठ बरी होण्यासारखी आहे, हे जगानं मान्य केलंय.

मेंदूत नेमकं काय होतं?

विज्ञानाच्या पुस्तकात आपण मेंदूचे भाग शिकवतो : प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ. मोठ्या माणसांत गाठी बहुधा वरच्या मोठ्या मेंदूत होतात. मुलांत मात्र बऱ्याच गाठी मागच्या-खालच्या बाजूला, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदूच्या आसपास होतात. लहान मेंदू तोल सांभाळतो, हालचालींची सांगड घालतो. म्हणून अशा मुलाची पहिली खूण पुष्कळदा डोकेदुखीच्याही आधी चालण्यात आणि अक्षरात दिसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मेंदूत एक द्रव सतत तयार होतो आणि ठरलेल्या वाटेनं वाहून जातो. गाठीनं ती वाट अडवली की पाणी तुंबतं. डोक्याची कवटी बंद डब्यासारखी, आतला दाब वाढायला लागतो. रात्रभर आडवं झोपल्यावर हा दाब आणखी वाढतो. त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखणं, उलटी होणं आणि उलटीनंतर थोडं बरं वाटणं हा क्रम दिसतो. शाळेच्या वेळेपर्यंत मूल ठीक होतं आणि आपल्याला वाटतं, शाळा बुडवायचं नाटक होतं!

गाठी दोन तऱ्हेच्या असतात. काही हळू वाढतात, काही वेगानं वाढून पसरतात. हळू वाढणारी म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. बंद डब्यात छोटी गाठही जागा अडवते.

शिक्षकाच्या नजरेला काय दिसू शकतं?

आई-वडील मुलाला रोज बघतात, पण त्याला चाळीस मुलांच्या शेजारी बसवून बघत नाहीत. ते आपण बघतो. कालचं अक्षर आणि आजचं अक्षर आपल्याच हातातल्या वहीत असतं. म्हणून या खुणा लक्षात ठेवा.

पाच वर्षांच्या आतलं मूल (अंगणवाडी ताईंसाठी) :
- वारंवार उलट्या, विशेषतः सकाळी, जुलाब नसताना
- चालायला शिकलेलं मूल पुन्हा अडखळणं, पडणं
- मान सतत एका बाजूला कलती ठेवणं
- डोळे थरथरणं किंवा नव्यानं तिरळेपणा येणं
- सुस्ती, चिडचिड, खेळण्यात मन न लागणं
- तान्ह्या बाळाचं डोकं झपाट्यानं मोठं होणं

पाच ते अकरा वर्षं :
- पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी, विशेषतः झोपेतून उठवणारी
- सकाळच्या उलट्या
- फळ्यावरचं दोन-दोन दिसणं, एक डोळा झाकून वाचणं
- अक्षर बिघडणं, बटण लावताना किंवा डबा उघडताना हात थरथरणं
- कबड्डी-खोखोत चांगला खेळणारा मुलगा तोल जाऊन पडायला लागणं
- झटका येणं
- स्वभाव आणि अभ्यास दोन्ही अचानक बदलणं

बारा ते अठरा वर्षं : वरच्या सगळ्या खुणा, शिवाय वयात येणं थांबणं किंवा लांबणं, उंची न वाढणं, सारखी तहान आणि सारखी लघवी लागणं.

आणखी एक खूण. मुलाच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा त्याहून जास्त डाग असतील तर डॉक्टरांना दाखवा. एका आनुवंशिक आजारात असे डाग असतात आणि अशा काही मुलांत डोळ्याच्या नसेवर गाठ होऊ शकते.

नियम सोपा ठेवा. यातली एक खूण दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टर. दोन खुणा एकत्र दिसल्या तर वाट न बघता डॉक्टर. झटका आला, मूल गुंगीत गेलं, अचानक दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय.

अशा यादीनं खरंच काही होतं का? ब्रिटनमध्ये २०११ साली 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. वयानुसार खुणांची छोटी कार्डं पालक, शाळा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवली गेली. तिथे लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत पूर्वी सुमारे १४ आठवडे जात. पुढे हा काळ जवळपास निम्म्यावर आला. यंत्रं तीच होती. बदलली ती लोकांची नजर.

आपल्या भागात उशीर का होतो?

इथे आपल्याला प्रामाणिकपणे बोललं पाहिजे.

पहिलं कारण मलेरिया. गडचिरोलीत मलेरिया नेहमीचाच. डोकं दुखतं, उलटी होते, झटका येतो म्हटलं की आधी रक्त तपासलं जातं आणि ते योग्यच आहे. मेंदूचा मलेरिया जीवघेणा असतो. पण तपासणी निगेटिव्ह आली, ताप नाही, आणि तरीही उलट्या सुरूच, तर तिथे थांबायचं नाही. पुढचा प्रश्न विचारायचा.

दुसरं कारण सिकलसेल. या पट्ट्यात सिकलसेलची मुलं बरीच आहेत. त्यांचं दुखणं नेहमीचं म्हणून नवं दुखणंही त्याच खात्यात टाकलं जातं.

तिसरं कारण आश्रमशाळा आणि वसतिगृह. मूल गावापासून दूर राहतं. सकाळची उलटी आई बघत नाही, ती अधीक्षक किंवा अधीक्षिका बघतात. वर्गशिक्षकाला अक्षर बिघडलेलं दिसतं. मैदानावरचं पडणं खेळाच्या सरांना दिसतं. तिघांनी एक-एक खूण पाहिली, पण ती एका ठिकाणी आलीच नाही! आश्रमशाळेत एक आरोग्य वही ठेवा आणि तिघांनीही तिच्यात लिहा. खर्च एका वहीचा आहे.

चौथं कारण पुजाऱ्याकडे जाणं. झटका आला की "बाहेरचं लागलं" म्हणतात. इथे गावाशी भांडून उपयोग नाही. "पूजा करायची तर करा, पण दवाखान्यात आजच जाऊ" असं म्हटलं तर लोक ऐकतात. पुजाऱ्यालाच सोबत घेतलं तर आणखी बरं.

पाचवं कारण अंतर. भामरागडहून नागपूर म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण कित्येक पावसाळे पाहत आलोय. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर शंका आली तर "पाऊस उघडू द्या" म्हणू नका.

तपासणी कुठून सुरू करायची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांना तपासतं. पथक येईल त्या दिवशी आपली वही पुढे करा. "या मुलाकडे नीट बघा, महिनाभरात अक्षर असं बदललंय" हे एक वाक्य पुष्कळ काम करतं. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. हेमलकशाचा लोकबिरादरी दवाखाना आणि शोधग्रामचं 'सर्च'चं रुग्णालय इथेही पहिली तपासणी आणि पुढची दिशा मिळू शकते.

एक स्वस्त आणि महत्त्वाची तपासणी म्हणजे डोळ्याचा पडदा बघणं. मेंदूतला दाब वाढला की डोळ्याच्या आतली नस सुजलेली दिसते. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्यांचे डॉक्टर ती बघू शकतात. नवा चष्मा लावूनही मुलाला नीट दिसत नसेल तर "पडदा तपासला का?" असं जरूर विचारा.

त्यानंतर सीटी स्कॅन, आणि नक्की निदानासाठी एमआरआय. स्कॅनमध्ये डाग दिसला म्हणजे ट्यूमरच असं नाही, हेही पालकांना सांगा. आपल्या देशात टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ मेंदूत बऱ्याचदा सापडते आणि त्यांच्यावर औषधं आहेत. म्हणून रिपोर्ट हातात घेऊन रडत घरी परतायचं नाही, तो डॉक्टरांसमोर ठेवायचा.

उपचार कसे होतात?

मुख्य उपचार तीन. कोणता द्यायचा हे गाठीचा प्रकार, जागा आणि मुलाचं वय यावर ठरतं.

१) शस्त्रक्रिया. आधी तुंबलेल्या पाण्याला वाट करून देतात. कधी दुर्बिणीनं आतच नवी वाट करतात, कधी बारीक नळी घालून पाणी पोटात सोडतात. तिला शंट म्हणतात. मग गाठ शक्य तेवढी काढतात. काढलेला तुकडा तपासल्यावरच गाठीचं खरं नाव कळतं. काही गाठी पूर्ण निघाल्या की पुढे औषधही लागत नाही, फक्त ठरावीक काळानं एमआरआय. मेंदूच्या देठात पसरलेली गाठ मात्र कापून काढता येत नाही.

लहान मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही मुलं काही दिवसांनी बोलेनाशी होतात. मेड्युलोब्लास्टोमा या गाठीत साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं. पालक घाबरून जातात. बहुतेक मुलांचं बोलणं आठवड्या-महिन्यांत परत येतं, पण हळू आणि अडखळत. अशा वेळी "मुका झाला" असा शिक्का मारू नका.

२) रेडिएशन, ज्याला आपल्याकडे "शेक देणे" किंवा "लाईट देणे" म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे. एका वेळी काही मिनिटं, दुखत नाही. डोकं हलू नये म्हणून मापाचा मुखवटा घालतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वाढत्या मेंदूला याचा फार त्रास होतो, म्हणून शक्यतो केमोथेरपी देऊन रेडिएशन पुढे ढकलतात.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलं एक काम सांगण्यासारखं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर अभ्यास केला. सगळ्यांना हळू वाढणाऱ्या गाठी होत्या. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनं, निम्म्यांना गाठीच्या आकाराला अगदी नेमकं धरून रेडिएशन दिलं. मात्रा सारखीच. पाच वर्षांनी नेमक्या पद्धतीच्या गटात बुद्ध्यांक जास्त चांगला टिकला होता. नव्यानं हार्मोनचे दोष नेहमीच्या गटात ५१ टक्के, तर नेमक्या गटात ३१ टक्के. वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं. म्हणजे प्रश्न फक्त मूल वाचवण्याचा राहिला नाही, ते मूल पुढे शिकू शकेल का, हाही उपचाराचा भाग झाला. २०२३ पासून टाटाच्या खारघर केंद्रात प्रोटॉन किरणांनी उपचार सुरू झालेत. हे किरण गाठीपाशीच थांबतात, पलीकडच्या निरोगी भागाला कमी धक्का लावतात. ते प्रत्येक मुलाला लागतातच असं नाही. कोणाला लागतील ते डॉक्टर ठरवतात.

३) केमोथेरपी. सलाईनमधून किंवा गोळ्यांनी औषधं, टप्प्याटप्प्यानं काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्त. केस जातात, परत येतात. तोंड येतं, उलट्या होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात.

इथे एक वाक्य लाल शाईनं लिहा. केमो सुरू असलेल्या मुलाला ताप (१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त) आला तर ती तातडीची वेळ समजा. "मलेरिया असेल, गोळी देऊन बघू, उद्या जाऊ" असं करायचं नाही. काही तासांत रुग्णालय गाठायचं आणि "केमो सुरू आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. तसंच शंट असलेल्या मुलाला उलटी, डोकेदुखी, गुंगी आली तर शंट तुंबला असू शकतो, तेही त्याच दिवशी दाखवायचं.

पुढे काय होईल?

पालक पहिला प्रश्न हाच विचारतात : "वाचेल ना, सर?" याला एकच उत्तर नाही, कारण ब्रेन ट्यूमर हा एक आजार नाही. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार झाल्यास साधारण चित्र असं :

- पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा : हळू वाढणारी, मुलांत नेहमी आढळणारी गाठ. पूर्ण निघाली तर १० पैकी ९ हून अधिक मुलं दहा वर्षांनंतरही जिवंत असतात.
- मेड्युलोब्लास्टोमा : वेगानं वाढणारी, लहान मेंदूतली. पसरलेली नसेल तर १० पैकी सुमारे ८ मुलं पाच वर्षं पार करतात. पसरली असेल तर प्रमाण कमी होतं.
- एपेंडिमोमा : गाठ पूर्ण निघाली का यावर बरंच अवलंबून. १० पैकी सहा-सात.
- जर्मिनोमा : रेडिएशनला छान दाद देते. १० पैकी ९ बरे होतात.
- क्रॅनिओफॅरिंजिओमा : जीव बहुतेकदा वाचतो, पण नजर आणि हार्मोन यांचा त्रास आयुष्यभर सांभाळावा लागतो.
- मेंदूच्या देठातली पसरणारी गाठ : इथे खोटी आशा देता येत नाही. रेडिएशननं काही महिने आराम पडतो, पण बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपासच सोबत असतात.

या शेवटच्या आजारात लवकर ओळखूनही शेवट बदलत नाही. म्हणून कोणत्याही पालकाला "आधी का नाही नेलं?" असं विचारू नका. त्या प्रश्नाचा त्यांना काहीच उपयोग नसतो, आणि तो आयुष्यभर बोचत राहतो. अशा मुलाचं दुखणं कमी करणारी उपशामक सेवा मागता येते. मूल म्हणालं, "मला शाळेत यायचंय", तर तासभर येऊ द्या. हजेरीत नाव घ्या, मित्रांजवळ बसवा. ते त्याच्यासाठी पुष्कळ असतं.

उपचार अर्धवट का सुटतात आणि आपण काय करू शकतो?

शस्त्रक्रिया झाली, मूल हसू-खेळू लागलं, की घरच्यांना वाटतं बरं झालं. घरी धानाची रोवणी असते, तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, दुसरी लेकरं आजीजवळ असतात. सहा आठवडे नागपूर-मुंबईला राहायचं कसं? आणि रेडिएशन राहून जातं. काही महिन्यांनी गाठ परत येते. गाठ बरी होण्यासारखी असूनही मूल हातचं जातं, ते इथे.

म्हणून पालकांना ही माहिती द्या :

- खर्च : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना आधी भेटा. टोल फ्री क्रमांक १५५३८८. सिरोंच्याकडचे लोक जवळ म्हणून तेलंगणात जातात, त्यांनी आपलं कार्ड तिथे चालतं का हे भरती होण्याआधी विचारावं.
- रुग्णालय : नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सुपर स्पेशालिटी, एम्स, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. मुंबईला टाटा मेमोरियल. मेंदूची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो यातलं काय कुठे होईल, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या.
- प्रवास : कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही सवलत आहे.
- मुंबईत मुक्काम : दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांची सोय बाहेरगावच्या रुग्णांना माहीत आहे. २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड ही संस्था कॅन्सरग्रस्त मुलाला आई-वडिलांसह मोफत खोली देते. टाटातल्या समाजसेवा विभागात विचारा, ते मार्ग दाखवतात.
- भाषा : घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला डॉक्टरांचं मराठी-हिंदी कळेलच असं नाही. फोनवर समजावून सांगेल असा एक शिक्षक किंवा आशाताई ठरवून द्या.

शाळेनं एवढं केलं तरी पुरे : दर पंधरा दिवसांनी एक फोन. "पुढची तारीख कधी आहे?" हा प्रश्न विचारणारा कोणी आहे, हे कळलं की तारीख चुकत नाही.

मूल शाळेत परत येतं तेव्हा

परत आलेलं मूल बाहेरून तेच दिसतं, पण शिकण्याचा वेग बदललेला असू शकतो. रेडिएशननंतर लक्ष टिकत नाही, आठवायला वेळ लागतो, लवकर थकवा येतो. काही औषधांनी कान मंदावतात, विशेषतः बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. हे परिणाम एक-दोन वर्षांनीही दिसू शकतात. म्हणून "आजारपणाचं निमित्त करतो" म्हणण्याआधी थांबा.

वर्गात काय करायचं?

- पहिल्या बाकावर, ऐकू येणाऱ्या आणि दिसणाऱ्या बाजूला बसवा.
- एका वेळी एकच सूचना द्या. फळ्यावरून उतरवायला न लावता लिहिलेला कागद द्या.
- दहा गणितांऐवजी चार द्या. तोंडी उत्तर चालू द्या.
- आधी अर्धा दिवस शाळा, मग हळूहळू पूर्ण दिवस.
- वर्गमित्रांना आधीच सांगा : हा आजार लागट नाही, उष्टं खाल्ल्यानं, जवळ बसल्यानं होत नाही. टक्कल आणि टाका यावर चिडवायचं नाही.
- केमो सुरू असताना शाळेत गोवर किंवा कांजिण्यांची साथ आली तर पालकांना लगेच कळवा.
- झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८.

कायद्याचीही साथ आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. नजर, ऐकणं, चालणं किंवा शिकणं यात कायमची अडचण राहिली तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. शाळेत येणं शक्यच नसेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत घरी शिकवण्याची सोय विचारा. आणि हजेरीपटावरून नाव काढू नका. सहा महिने गैरहजर मुलाचं नाव पटावर आहे, हे त्या आईसाठी "तो परत येणार आहे" असं सांगणंच असतं.

काही गैरसमज

*मोबाईलमुळे, टॉवरमुळे झालं का?* तसं सिद्ध झालेलं नाही. मुलांच्या बहुतेक गाठींचं नेमकं कारण सापडत नाही. थोड्या मुलांत आनुवंशिक कारण असतं.

*डोक्याला मार लागल्यानं झालं का?* नाही. बऱ्याचदा उलटं घडतं : गाठीमुळे तोल जातो, मूल पडतं, आणि स्कॅन केल्यावर गाठ सापडते.

*डोक्याचं ऑपरेशन म्हणजे मूल वेडं होतं का?* नाही. न केल्यास धोका जास्त.

*जडीबुटीनं गाठ विरघळते का?* नाही. त्यात गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

आपल्यासाठी कृती

१. वरची खुणांची यादी मोठ्या अक्षरात लिहून शिक्षक खोलीत, वसतिगृहात आणि अंगणवाडीत लावा.
२. शाळेत एक आरोग्य वही सुरू करा. तारीख, मुलाचं नाव, काय दिसलं, कोणी पाहिलं, कोणाला कळवलं.
३. दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या वहीचं एक जुनं आणि एक नवं पान शेजारी ठेवून बघा. अक्षर सुधारलं का हे तर आपण बघतोच, बिघडलं का हेही बघा.
४. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. शक्य असेल तर माडिया-गोंडीतही सांगा.

यातली बरीचशी कामं नोकरीतल्या कागदांत मोजली जात नाहीत. पण आपल्या नोंदीमुळे एखादं मूल दोन महिने आधी नागपूरला पोहोचलं, तर त्याची नजर वाचू शकते, चालणं वाचू शकतं, कधी जीवही वाचू शकतो. उद्या वर्गात हजेरी घेताना नावासोबत चेहऱ्याकडेही नीट बघा.

आपल्या शाळेच्या आणि केंद्राच्या ग्रुपवर हा लेख जरूर पाठवा.